तिकिटाएवढ्या तांब्यावर: हंगेरियन एनग्रेव्हरचं काम नाशकात कसं शिकायचं

शंभराची किंवा पाचशेची करकरीत नोट घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवा. नख खरखरतं. तिथली शाई कागदात मुरलेली नाही, ती कागदावर उभी आहे. धातूत कोरलेल्या खाचेत शाई भरायची, वरचा भाग लख्ख पुसायचा आणि कागद जोराने दाबून ती खाचेतून उचलायची, अशी ही छपाई आहे. नाशिककरांना ती वेगळी सांगायला नको, कारण नाशिक रोडच्या नोट प्रेसमुळे तिचं फळ रोज आपल्या खिशात असतं. हंगेरीच्या एनग्रेव्हरांनी, म्हणजे धातूत चित्र कोरणाऱ्या कारागिरांनी, हेच काम टपाल तिकिटावर केलं, म्हणजे नोटेपेक्षा कितीतरी लहान जागेत. ते घरच्या टेबलावर तांब्यावर कसं शिकायचं, ते इथे दिलं आहे.

आधी बघायला शिका. हंगेरीने स्वतःची पहिली तिकिटं १८७१ साली काढली. चित्र सम्राट फ्रान्झ जोसेफचं, किमती सहा: २, ३, ५, १०, १५ आणि २५ क्रायत्सार. मजा अशी की एकच चित्र त्याच वर्षात दोन पद्धतींनी छापलं गेलं. मे महिन्यात शिळाछापाची, म्हणजे सपाट दगडावरून छापलेली, तिकिटं आली आणि त्यांच्या मागोमाग कोरीव प्लेटची. शिकणाऱ्याला यासारखा धडा नाही. दोन्हींचे मोठे, स्वच्छ फोटो शेजारी ठेवा आणि गालाची सावली बघा. शिळाछापात रेष जिथे सुरू होते तिथून संपेपर्यंत साधारण एकाच जाडीची आणि मऊ कडेची दिसते. कोरीव तिकिटात तीच रेष केसासारखी सुरू होते, गालाच्या वळणावर फुगते आणि उजेडाकडे जाताना पुन्हा केसाएवढी होऊन विरते. अवजार धातूत उतरतं आणि वर येतं, त्याचा हा माग आहे.

आता आपल्या इथलं तिकीट घ्या. १९५२ सालचा संतकवींचा संच, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर, हा नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये फोटोग्रॅव्हुअरने छापला गेला. दहापट भिंगाखाली त्यात बारीक जाळी दिसते, रेष दिसत नाही. सावली गडद हवी तिथे जाळीच्या खड्ड्यात शाई जास्त, फिकी हवी तिथे कमी. कोरीव तिकिटात ही सोय नाही. शाई एकच, तीही सगळीकडे जवळपास सारखीच गडद. करडा रंग मुळात नसतोच. जे काही फिकं-गडद दिसतं ते रेषेची जाडी आणि दोन रेषांमधलं अंतर यातूनच येतं. या कामातलं सगळं शिक्षण या एका वाक्यात आहे. ज्याला रेषा आधी कागदावर ठरवता येत नाहीत, त्याला त्या तांब्यावर कधीच सापडत नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच. सरावासाठी खऱ्या तिकिटाची नक्कल करू नका, भारताची नाही आणि हंगेरीचीही नाही. टपालाचं म्हणून खपेल असं तिकीट किंवा त्याचा ठसा बनवणं, जवळ बाळगणं हा आपल्या कायद्यात गुन्हा आहे आणि परदेशी तिकिटांनाही तो लागू होतो. चित्र स्वतःचं घ्या. देशाचं नाव नको, किंमत नको, ‘टपाल’ किंवा ‘पोस्ट’ हे शब्द नकोत. सुंदरनारायण मंदिराची कमान घ्या, द्राक्षाचा घड घ्या, घरातल्या आजीचा चेहरा घ्या.

पत्रा आणि अवजारं

खरा तिकिटाचा डाय, म्हणजे मूळ ठसा, मऊ केलेल्या पोलादात कोरतात. सुरुवात मात्र तांब्यावर करा. जुन्या नाशकात तांबट आळीत किंवा भांडी बाजारात सोळा गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाड तांब्याचा पत्रा मिळतो. मागताना ‘तापवलेला नको, कडक हवा’ असं स्पष्ट सांगा. भांडी ठोकायला तांबट पत्रा तापवून मऊ करून घेतात. तो मऊ पत्रा कोरायला घेतला तर अवजाराचं टोक रुततं, रेषेच्या कडा फाटतात आणि कितीही धार लावली तरी रेष स्वच्छ येत नाही. नवशिके हा दोष हाताला लावतात, पण तो बहुतेक वेळा पत्र्याचा असतो. ओळखायचं कसं? पट्टी हाताने वाकवून सोडा. कडक पत्रा बराचसा परत येतो, तापवलेला तसाच वाकलेला राहतो.

तुकडा ६ बाय ७ सेंटिमीटरचा कापा. तिकिटाचं चित्र २४ बाय ३० मिलिमीटरचं, बाकी जागा धरायला आणि कडेला रेषांचा सराव करायला. चारही कडा कानशीने ४५ अंशांत उतरवा, नाहीतर छापताना कडा कागद कापते आणि कागदावर ठेवायचं फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड कापडही. मग वॉटर पेपर ४००, ६००, १०००, १५००, २००० या क्रमाने. प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदला, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. शेवटी ब्रासो. इथे घाई केली तर त्याची किंमत छापताना कळते. प्रत्येक ओरखडा शाई धरतो आणि आकाशाच्या जागी धुरकट पडदा येतो.

कोरायचं अवजार म्हणजे ब्युरिन. सराफ बाजारात सोन्यावर नक्षी कोरणारे जी कोरणी वापरतात, तिचाच हा भाऊ. विकतचा ब्युरिन मिळाला तर उत्तम. नाहीतर अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या टूलरूममधून एक सुती, म्हणजे साधारण ३ मिलिमीटरचा चौकोनी एचएसएसचा (हायस्पीड स्टील, कठीण पोलाद) तुकडा आणा. चौकोन कोपऱ्यावर उभा धरला की खालची धार तयार होते. टोक तिरकं, ४५ अंशांत घासा. खालच्या दोन्ही बाजूंना टोकाजवळ अगदी थोडा, चार-पाच अंशांचा उठाव द्या, म्हणजे मूठ प्लेटला न टेकता अवजार पुढे सरकतं. मूठ लाकडाची, अळंबीच्या टोपीसारखी, खालचा गोलार्ध कापून सपाट केलेली. ती तळहाताच्या खळग्यात बसली पाहिजे. मूठ धरून बोट सरळ केलं की पोलादाचं टोक तर्जनीच्या पुढे दोन सेंटिमीटरच यावं. लांब राहिलं तर ते थरथरतं.

दोन ब्युरिन ठेवा. एक चौकोनी, दुसरा चिंचोळा, म्हणजे समभुज चौकटीच्या आकाराचा. चौकोनीची खाच काटकोनी असते, त्यामुळे रेषेची रुंदी खोलीच्या दुप्पट होते. ०.१ मिलिमीटर रुंद रेष हवी तर ०.०५ खोल जायचं. चिंचोळ्याची खाच अरुंद आणि खोल पडते, म्हणून बारीक रेषेतही शाई भरपूर राहते. चेहऱ्यासाठी हाच.

धार तेलाच्या दगडावर लावा, शेवटचा हात २००० च्या वॉटर पेपरवर. परीक्षा नखावर घ्या. टोक नखावर हलकेच टेकवून सरकवा. अडकलं तर धार आहे, घसरलं तर नाही. भिंगाखाली टोक चमकत असेल तर ते बोथट आहे, धारदार टोक उजेड परत पाठवत नाही. तांब्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी, पोलादावर त्याहून लवकर धार लावावी लागते. ब्युरिन घसरून चित्रावर आडवा ओरखडा पडला, तर कारण जवळजवळ नेहमी बोथट टोक हेच असतं, कारण बोथट झालं की माणूस नकळत जोर लावतो.

बाकी लागतं ते असं: दहापट भिंग, खाचेच्या कडेला उठलेली धातूची कोर काढायला तीन धारांची खरवडणी, चूक दाबून बसवायला गुळगुळीत पोलादी घोटणी, शिवणाची सुई दांडीत बसवून केलेली टोकणी, आणि वाळू भरलेली चामड्याची गोल उशी. प्लेट लहान असल्याने ती बोटांत धरवत नाही. सोनार करतात तसं करा: लाकडाच्या ठोकळ्यावर राळ गरम करून पसरा, प्लेट तिच्यावर बसवा, थंड होऊ द्या. ठोकळा उशीवर ठेवला की डाव्या हाताने कुठेही फिरतो.

उजेड समोरून, पण थेट नको. दिवा आणि प्लेट यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरचा पडदा उभा करा. घासलेलं तांबं आरशासारखं असतं आणि उघड्या दिव्याखाली आपण कोरलेली रेष आपल्यालाच दिसत नाही.

रेषा कागदावर ठरवणं

चित्र सहापट मोठं काढा, म्हणजे १४४ बाय १८० मिलिमीटर. हे माप सोयीचं आहे. तिकिटावर दोन रेषांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पाव मिलिमीटर ठेवलं, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये चार रेषा, तर मोठ्या चित्रात ते दीड मिलिमीटर होतं. ०.३ च्या पेनाची रेष तिकिटावर ०.०५ होते, ०.८ च्या पेनाची ०.१३. पहिलीने पाचवा हिस्सा जागा काळी होते, दुसरीने अर्धी. म्हणजे ०.३, ०.५ आणि ०.८ अशी तीन पेनं आणि दीड मिलिमीटरचं अंतर एवढ्यात फिक्यापासून निम्म्या काळ्यापर्यंतच्या सगळ्या छटा बसल्या. त्याहून गडद हवं तर रेष जाड न करता दुसऱ्या दिशेने रेषांची जाळी घाला. सरावलेले हात मिलिमीटरला सहा-सात रेषा आणि त्याहूनही जास्त घालतात. पहिल्या प्लेटला चार पुरे, किंबहुना चारच.

पेन्सिलची सावली अजिबात नको. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त शाईने, फक्त रेषांनी काढा. रेषेची दिशा वस्तूच्या आकारावरून जावी: गालावर गोल, कपाळावर आडवी वळणं, नाकाच्या बाजूने उभी, कापडावर घडीबरोबर वाहणारी. पार्श्वभूमीच्या रेषा मात्र सरळ आणि निर्विकार ठेवा, त्यामुळेच चेहरा पुढे येतो. होर्वाट एंड्रे या हंगेरियन कलावंताचं (१८९६ ते १९५४, त्यांच्याकडे आडनाव आधी लिहितात) काम पाहायला मिळालं तर पार्श्वभूमी आणि चेहरा यांच्या रेषांमधला हा फरक मुद्दाम बघा. फोरिंटच्या, म्हणजे हंगेरीच्या चलनाच्या, नोटांचा चेहरामोहरा ज्यांनी घडवला त्यांच्यापैकी ते एक. नंतरच्या पिढीतले वॉद्योत्स्की कारोय यांनीही नोटा आणि तिकिटं दोन्हींवर काम केलं. तिकडे हे दोन धंदे वेगळे नाहीत. आपल्याकडेही नोटा आणि तिकिटं नाशिक रोडला शेजारी-शेजारीच छापली जातात.

काढून झालं की चित्र स्कॅन करून सहाव्या हिश्शात छापून बघा. जिथे काळा गोळा झाला तिथल्या रेषा कमी करा. नवशिक्याच्या चित्रात साधारण तिसरा हिस्सा रेषा जास्तीच्या असतात. त्या इथेच पुसा. कागदावर रेष पुसायला मिनिट लागतं, तांब्यावर अख्खी दुपार.

चित्र तांब्यावर नेणं

तिकीट छापून सुलटं यायला हवं तर प्लेटवर उलटं हवं. लहान केलेल्या छापावर पारदर्शक फिल्म चिकटवा, जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरची चालते. भिंगाखाली टोकणीने मुख्य रेषा फिल्मवर खरवडा. त्या खरवड्यांत गेरूची बारीक पूड बोटाने चोळा, वरची पुसून टाका. प्लेट किंचित गरम करून तिच्यावर मेणाचा इतका पातळ थर द्या की तांब्याची चमक जरा मंद व्हावी, बस. फिल्म पालथी ठेवा आणि मागून घोटणीने घासा. गेरूच्या रेषा मेणावर उतरतात, आणि फिल्म पालथी असल्याने आपोआप उलट्या. मग टोकणीने मेणातून तांब्यावर हलके माग ओढा आणि मेण टर्पेंटाइनने धुवा.

मेण जाड झालं तर रेषा सरकतात आणि डोळे एकमेकांपासून अर्धा मिलिमीटर लांब जातात. तिकिटावर अर्धा मिलिमीटर म्हणजे वेगळा माणूस. धुण्याआधी प्लेट आरशासमोर धरून चेहरा ओळखू येतो का ते बघा.

कोरणं

आधी प्लेटच्या रिकाम्या कडेला शंभर सरळ रेषा कोरा. मग शंभर वळणाच्या. मग चित्राला हात लावा.

मूठ तळहातात, अंगठा आणि तर्जनी पोलादाच्या दोन बाजूंना, अंगठा प्लेटला टेकलेला. जोर खांद्यातून येतो, बोटं फक्त दिशा देतात. अवजार प्लेटशी जवळजवळ समांतर. टोक टेकवा, मूठ केसभर वर उचला, टोक धातूत शिरेल. मूठ खाली आणत पुढे ढकला. शेवटाला मूठ आणखी खाली, म्हणजे टोक आपोआप वर येतं आणि रेष निमुळती होत संपते. अवजारासमोर तांब्याचा बारीक कुरळा तंतू निघत राहिला तर सगळं ठीक. तो तुटक निघत असेल तर धार गेली. टोक रुतून थांबलं तर मूठ जास्त उचलली गेली. अशा वेळी पुढे रेटू नका, आलेल्या वाटेने मागे घ्या.

वळणाची रेष कोरताना ब्युरिन वळवत नाहीत, ठोकळा फिरवतात. उजवा हात जवळपास स्थिर, डावा हात प्लेट टोकावर ढकलतो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण मनगट वळवून कोरलेली वळणं कायम कोनाकोनांची येतात.

थोडं कोरून झालं की रेषांच्या कडेला उठलेली कोर खरवडणीने, अवजार अगदी आडवं धरून, काढा. ती राहिली तर तिच्या आडोशाला शाई साठते आणि रेष लोकरीसारखी छापते. खरवडणी उभी धरली तर प्लेटवरच चरे पडतात. मग दिव्याच्या काजळीत थोडं गोडंतेल कालवून ते रेषांत चोळा, वरचं पुसा. छापल्यावर साधारण काय दिसेल ते लगेच कळतं.

क्रम असा ठेवा: चौकट आणि पार्श्वभूमी आधी, मग कपडे, केस, आणि चेहरा शेवटी. तोपर्यंत हात तापलेला असतो आणि पार्श्वभूमी किती गडद झाली ते दिसत असल्याने चेहरा किती फिका ठेवायचा याचा अंदाज येतो. उलटं केलं तर चेहरा नेहमी जास्त गडद होतो.

जाळी घालताना दुसरी दिशा काटकोनात नको. काटकोनी जाळीत चौकोनी भोकं दिसतात आणि गाल गोणपाटासारखा होतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा तिरपा छेद द्या, म्हणजे मध्ये लांबट चौकटी उरतात. कपड्यावर त्या तशाच ठेवा. गालावर सावली हवी तिथे प्रत्येक चौकटीच्या मधोमध एक टिंब टोचा. जुन्या एनग्रेव्हरांची ही युक्ती आहे आणि मऊ कातडी दाखवायला आजही तिच्याहून चांगली नाही. एका जागी तिसरी-चौथी जाळी घालू नका. मधल्या तांब्याच्या भिंती इतक्या बारीक होतात की त्या ढासळतात, खड्डा पडतो, आणि तिथली शाई पुसताना निघून जाते. सगळ्यात काळी हवी असलेली जागा करडी छापली, तर कारण हेच.

डोळ्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तिकिटावर एक डोळा दीड-दोन मिलिमीटरचा असतो. वरच्या पापणीची एकच जाड रेष, मध्ये सर्वात खोल. खालच्या पापणीला सलग रेष देऊ नका, चार-पाच टिंबं पुरतात. सलग दिली तर माणूस काजळ घातलेला दिसतो. बुबुळ म्हणजे पापणीखालून लोंबणारा अर्धवट गोल, आणि त्यातली चमक ही कोरायची गोष्ट नाही, ती न कोरता सोडायची आहे. एवढीशी जागा, टाचणीच्या टोकाएवढी, चारही बाजूंनी कोरत जाऊन मधली वाचवायची. ती चुकून कोरली गेली की परत आणणं फार कठीण. म्हणून टोकणीने आधी तिथे सूक्ष्म वर्तुळ काढा आणि त्याच्या आत पाऊल टाकायचं नाही असं ठरवा. प्रकाशाकडच्या गालावर रेषा नकोतच. तिथे टिंबं, ती पण विरळ होत जाणारी, आणि मग नुसता कागद.

अक्षरं सगळ्यांत शेवटी, पण जागा सुरुवातीलाच राखा. हंगेरियन एनग्रेव्हरला ‘ö’ आणि ‘ő’ यांतला फरक सांभाळावा लागतो, एकावर दोन टिंबं, दुसऱ्यावर दोन लांब तिरप्या रेघा. तिकिटाच्या मापात त्या शाईने एकमेकींना चिकटल्या की शब्दच बदलू शकतो. आपल्याकडे तेच दुखणं मात्रा-अनुस्वारांचं. देवनागरी अक्षराची उंची शिरोरेषेपासून खाली किमान दोन मिलिमीटर ठेवा. शिरोरेषा एका दमात, शब्दाच्या पूर्ण लांबीची कोरा, अक्षरागणिक तोडू नका. अनुस्वार शिरोरेषेपासून स्पष्ट सुटा हवा. ‘क्ष’, ‘श्र’, ‘द्ध’ असली जोडाक्षरं पहिल्या तिकिटात टाळा, त्यांच्या पोटातल्या जागा भरून जातात. आणि प्लेटवर सगळं उलटं असल्याने वेलांटी दोनदा तपासा. पहिली की दुसरी ही चूक कोरीव कामात हमखास होते.

चूक झाली तर

उथळ ओरखडा असेल तर घोटणीला तेलाचा थेंब लावून त्याच्यावर हलक्या हाताने घासत राहा, तांबं दबून खाच मिटते. खोल रेष असेल तर ती खरवडून काढावी लागते, आणि मग तिथे बशीसारखा खळगा होतो. तो तसाच ठेवला तर पुसताना त्यात शाई राहते. प्लेट राळेवरून सोडवा, बाहेरून माप घेणाऱ्या कंपासने, म्हणजे कॅलिपरने, मागच्या बाजूला नेमकी ती जागा खुणेने दाखवा, पुढची बाजू घासलेल्या पोलादावर पालथी ठेवा आणि मागून छोट्या हातोडीने दोन-चार टोले द्या. खळगा वर येतो, पुन्हा घासून सपाट करा आणि पुन्हा कोरा. ठोकण्याचा हात बसला नसेल तर एखाद्या तांबट कारागिराला दाखवा. त्यांना दोन टोल्यांत जमतं.

छपाई

कापसाचा, कमी खळीचा हातकागद घ्या. पंधरा मिनिटं पाण्यात, मग टिपकागदात दाबून रात्रभर प्लास्टिकमध्ये. सकाळी कागद गार लागला पाहिजे पण चमकता कामा नये. चमकला तर पाणी जास्त आहे आणि शाई पसरेल. नाशकात एप्रिल-मेच्या दुपारी ओला कागद टेबलावर पाच मिनिटांत कडक होतो, म्हणून तेव्हा सकाळी लवकर छापा आणि एकेकच कागद बाहेर काढा. पावसाळ्यात उलट, रात्रभर ठेवायची गरजच नसते, नुसता ओलसर स्पंज फिरवला तरी भागतं, आणि आठवडाभर गुंडाळून ठेवला तर बुरशी येते.

शाई एचिंगची, म्हणजे कोरीव प्लेट छापायची घट्ट शाई. ऑफसेटची शाई पातळ पडते, पुसताना खाचेतून निघते. घरी करायची तर काजळीचा काळा रंग आणि उकळून दाट केलेलं जवसाचं तेल काचेवर वाटून, सुरीवरून सावकाश ओघळेल इतपत घट्ट. थंडीच्या दिवसांत ती दगडासारखी होते, म्हणून प्लेट तव्यावर अगदी मंद गरम करा. हात टिकला पाहिजे इतकीच. फडक्याच्या गुंडीने शाई चारही दिशांनी खाचांत भरा. मग खळीच्या मलमलीच्या बोळ्याने गोलाकार पुसा, आणि शेवटी तळहाताला खडूची पूड लावून, झाडून, तळहात प्लेटवरून झपकन फिरवा. फडकं खाचेत शिरतं, तळहात शिरत नाही. रेषा मधून पांढऱ्या तुटल्या तर तीन कारणं पाहा: पुसणं जास्त झालं, कागद सुका होता, किंवा दाब कमी पडला. तिन्ही एकदम बदलू नका, एकेक बदला, नाहीतर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

दाबासाठी एचिंग प्रेस उत्तम, चित्रकला महाविद्यालयांच्या छपाई विभागात तो असतो. एवढ्या लहान प्लेटला सोनाराचं पत्रा ओढायचं रोलर मशीनही चालतं. प्लेट, कागद, पातळ फेल्टचे दोन थर, आणि रोलरला शाई लागू नये म्हणून वर-खाली जाड पुठ्ठा. छापल्यावर कागद एका कोपऱ्यापासून सावकाश उचला आणि टिपकागदांत वजनाखाली वाळवा. वाळताना तो आक्रसतो, एका दिशेला जास्त. त्यामुळे चित्र प्लेटपेक्षा किंचित लहान भरेल. ओल्या कागदावर छापलेल्या जुन्या कोरीव तिकिटांची मापं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, ती याचमुळे.

डिंक लावायचा तर बाभळीचा, एकाला दोन पाणी, त्यात ग्लिसरीनचे चार थेंब. ग्लिसरीन नसेल तर उन्हाळ्यात तिकीट नळीसारखं वळतं. दातेरी कडेसाठी शिलाई मशीन दोरा न ओवता चालवा. छिद्रांचं माप दोन सेंटिमीटरमध्ये किती, असं मोजतात. १८७१ ची हंगेरियन तिकिटं साडेनऊची होती, म्हणजे टाका साधारण २.१ मिलिमीटर ठेवला की तेच अंतर येतं. मशीनची सुई कागद काढून टाकत नाही, फक्त टोचते, त्यामुळे फाडताना कडा दातेरी न येता केसाळ येते.

पोलाद आणि पूर्ण शीट

एका प्लेटवर एकच तिकीट कोरून शीट कशी छापत? शंभर वेळा कोरून नाही. पोलादाचा डाय कोरून झाला की तो तापवून कडक करतात. मग मऊ पोलादाचा रोलर प्रचंड दाबाने त्याच्यावर फिरवतात, म्हणजे खाचेची उठावदार प्रत रोलरवर येते. रोलर कडक करायचा आणि मऊ प्लेटवर ओळीने हवा तितक्या वेळा दाबायचा. जेकब पर्किन्सच्या नावाशी जोडलेली ही पद्धत १८४० च्या पेनी ब्लॅकलाच, म्हणजे जगातल्या पहिल्या टपाल तिकिटालाच, वापरली गेली. तिच्या एका प्लेटवर २४० तिकिटं होती, बाराच्या वीस ओळी. रोलर एकदा चुकून सरकला आणि पुन्हा दाबला तर त्या जागेच्या तिकिटात रेषा दुहेरी दिसतात, आणि त्या शीटमधल्या नेमक्या त्याच जागेवर प्रत्येक वेळी दिसतात. संग्राहक भिंग घेऊन हेच शोधत असतात.

घरी हे जमणार नाही, पण पोलादावर हात फिरवून बघायचा असेल तर तांब्याच्या तीन-चार प्लेट झाल्यावर टूलरूममधून नरम केलेल्या माइल्ड स्टीलचा, सरफेस ग्राइंडरवर घासलेला तुकडा आणा. ब्युरिनचा टोकाचा कोन ४५ वरून ५५-६० करा, नाहीतर टोक तुटतं. रेष निम्म्या खोलीची जाईल, जोर दुप्पट लागेल, पण पोलादातली रेष तांब्यापेक्षा धारदार येते. काम थांबवताना दर वेळी तेलाचा हात द्या. जुलैच्या एका रात्रीत गंज धरतो आणि त्याचे टिपके चेहऱ्यावर छापतात.

तांब्याची प्लेट शेकडो छाप देते, नंतर आधी टिंबं आणि मग बारीक रेषा झिजतात. छापून झाल्यावर खाचांतली शाई रॉकेलने आणि मऊ दातांच्या ब्रशने पूर्ण काढा, कारण वाळलेली शाई पुढच्या वेळी रेष बारीक करते. व्हॅसलीनचा पातळ थर द्या, बटर पेपरमध्ये गुंडाळा, आणि त्याच पाकिटात पहिला चांगला छाप, कागदाचं नाव, शाई आणि तारीख लिहून ठेवा.